पडद्यातलं सोनं कुणाच्या हाती?

(कचरा वेचणाऱ्या आणि भंगार सोडवणाऱ्या बायांच्या एका शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



'टाकून दिलेल्या टीव्ही-कॉम्प्युटरच्या पडद्यांतून मौल्यवान धातू कसे काढतात' या विषयावर मी बोलावं असं संयोजकांनी सांगितलं. विषय वाचून दाखवला तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोघीतिघी एकमेकींकडं बघून हसल्या, ते मी पाहिलंय. बरोबरच आहे. पहाटे पाचला घर सोडायचं, खांद्यावर पोतं, घरी आल्यावर पुन्हा चूल आणि पाणी, आणि ही बाई आपल्याला सोन्याच्या गोष्टी सांगणार!

पण हा प्रश्न मी आणलेला नाही, तुमच्यातूनच आलाय. गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या बैठकीत एका मुलीनं मोबाइल माझ्यापुढं धरला. त्यात एक माणूस प्लॅस्टिकच्या बादलीत तेजाब ओततोय, त्यात हिरवे बोर्ड टाकतोय, धूर निघतोय, आणि शेवटी त्याच्या तळहातावर हरभऱ्याएवढी सोन्याची गोळी. मुलगी म्हणाली, "बाई, आपल्या गाळ्यात टीव्हीचे पडदे छपरापर्यंत लागलेत. आपण आठ रुपये, दहा रुपये किलोनं घालवतो. सोनं आपणच का नाही काढायचं?"

मुलगी एकोणीस वर्षांची. दहावी पास. आई वेचायला जाते. तिचा प्रश्न चुकीचा नव्हता. उलट फार योग्य होता. आपल्या हातून जाणाऱ्या वस्तूची किंमत आपल्याला कळू नये, ही व्यवस्था कुणी केली, असंच ती विचारत होती. त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. आज देण्याचा प्रयत्न करते. ती इथंच बसली आहे.

आधी माझी एक चूक सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं बोलण्याचा मला अधिकार नाही.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. संध्याकाळी वस्तीतल्या बचत गटाचे हिशेब बघायला जायचे. २००९-१० च्या सुमाराची गोष्ट. घरोघरी चपटे टीव्ही यायला लागले आणि जुने डबे टीव्ही टेम्पो भरभरून भंगारात येऊ लागले. अख्खा टीव्ही विकला तर अमुक पैसे, आणि ट्यूब फोडून मानेभोवतीची तांब्याची गुंडाळी काढली, लोखंड वेगळं केलं, तर अमुक पैसे, हे गणित फळ्यावर कुणी मांडलं? मीच मांडलं. फरक जवळजवळ दुपटीचा निघाला. बायांना फार आनंद झाला. मलाही झाला. शिकलेल्या बाईचा वस्तीला उपयोग झाला असं वाटलं.

मग दोन वर्षं घरांच्या मागच्या बोळात ट्यूबा फुटत राहिल्या. हातोडीचा एक घाव मानेवर, फट्ट आवाज, आत हवा शिरते. तांबं पोत्यात, काच नाल्यात. आतली पांढरी पूड अंगणात उडायची. पोरं तिथंच खेळायची.

त्या काचेत काय असतं ते मला पुस्तकातून माहीत होतं. माहीत असून मला ते आठवलं नाही, हे त्याहून वाईट. जुन्या रंगीत टीव्हीच्या ट्यूबचा मागचा, नरसाळ्यासारखा भाग शिशाच्या काचेचा असतो. आत तयार होणारे क्ष-किरण बाहेर बसलेल्या माणसांपर्यंत पोचू नयेत म्हणून तिथं शिसं घालतात. आकारानुसार एकेका ट्यूबमध्ये किलो-दोन किलो शिसं असतं. म्हणजे बघा, टीव्ही बघणाऱ्याला वाचवण्यासाठी घातलेलं शिसं टीव्ही फोडणारीच्या वाट्याला आलं.

पुढं एका आरोग्य शिबिरात दोन मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण जास्त निघालं. एकीची आई बोळातच काम करायची. तिचे दोन गर्भ पडले होते. डॉक्टर प्रामाणिक होते. म्हणाले, एका बाईच्या बाबतीत याच कारणानं झालं असं छातीठोकपणे सांगता येत नाही. पण शिसं शरीरात गेलं की हाडांत साठून राहतं, गरोदरपणात हाडांतून पुन्हा रक्तात उतरतं आणि वारेतून बाळापर्यंत जातं, हे ठाम माहीत आहे. मुलांच्या बाबतीत शिशाचं सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या बाईचं नाव मी घेत नाही, तिनंच घेऊ नका म्हटलंय. ती मला रागावली नाही. एवढंच म्हणाली, "बाई, तुमचं गणित बरोबर होतं. फक्त आमी त्यात धरलेलो नव्हतो."

हे वाक्य मी तेव्हापासून बरोबर घेऊन फिरते. आज जे काही सांगणार आहे त्या प्रत्येक आकड्याला हाच प्रश्न विचारायचा: या गणितात आपल्याला धरलंय का?

आता चपट्या पडद्याकडं येऊ.

डबा टीव्ही आता फारसे उरले नाहीत. आता येतात ते एलसीडी आणि एलईडी. एलईडी टीव्ही म्हणजे वेगळा पडदा नव्हे, पडदा एलसीडीचाच; मागून उजेड देणारे दिवे तेवढे वेगळे. जुन्या एलसीडीत मागं पेन्सिलीहून बारीक अशा काचेच्या नळ्या असतात. आपल्या ट्यूबलाइटचीच धाकटी भावंडं. एका टीव्हीत दहा, पंधरा, वीससुद्धा. प्रत्येकीत काही मिलिग्रॅम पारा. एकच नळी फुटली तर घाबरून जायचं कारण नाही, पण दिवसाला तीस टीव्ही उघडणारी बाई बंद खोलीत बसून शेकडो नळ्या फोडते, तेव्हा पाऱ्याची वाफ तिच्या श्वासातून जाते. ती दिसत नाही, तिला वास नाही. जपानमध्ये मिनामाटा गावात कारखान्यानं समुद्रात सोडलेला पारा माशांतून माणसांत आणि आईच्या पोटातल्या बाळांत गेला. १९५६ साली तो आजार उघडकीस आला. त्याच गावाच्या नावानं २०१३ साली पाऱ्याविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१८ साली भारतानंही तो मान्य केला. करार मान्य झाला. नळ्या आपण अजून हातानंच काढतो.

टीव्ही उघडल्यावर काय काय मिळतं ते तुम्ही मला शिकवाल. पत्र्याची चौकट, जर्मनच्या पट्ट्या, प्लॅस्टिकची पाठ, आत दुधी आणि पारदर्शक ॲक्रिलिकचे तक्ते, वायरींतलं तांबं, आणि बोर्ड. सोनं म्हणतात ते या बोर्डांत आणि जोडणीच्या टोकांवर, पातळ मुलाम्यासारखं. मोबाइलच्या आणि कॉम्प्युटरच्या बोर्डांत ते बऱ्यापैकी असतं. एक टन मोबाइल गोळा केले तर त्यांत दोनशे-तीनशे ग्रॅम सोनं निघू शकतं. खाणीतल्या एक टन दगडात बहुतेक ठिकाणी पाच ग्रॅमसुद्धा नसतं. म्हणून तर मोठे कारखाने आपल्या पोत्यांवर डोळा ठेवून आहेत! पण टीव्हीचे बोर्ड हलक्या प्रतीचे. त्यांत तांबं जास्त, सोनं फार कमी.

मग खुद्द पडद्यात काय आहे? ती जी दोन काचांची काळपट पाटी, जी आपण शेवटी कचऱ्यात टाकतो, तिच्यात एक धातू आहे. त्याचं नाव इंडियम.

या धातूची गोष्ट छोटी आहे. १८६३ साली जर्मनीत फ्रायबर्ग नावाच्या खाणींच्या गावात फर्डिनांड राइश नावाचे प्राध्यापक जस्ताचं खनिज तपासत होते. तापवलेल्या पदार्थाच्या उजेडात कोणते रंग दिसतात त्यावरून धातू ओळखायचा, अशी ती पद्धत. पण राइश यांना रंगच दिसत नव्हते. त्यांनी थिओडोर रिश्टर या सहकाऱ्याला बघायला बसवलं. रिश्टरना एक गडद निळी रेघ दिसली, आधी कुणी न पाहिलेली. निळीच्या रंगाची, म्हणून धातूचं नाव इंडियम. आणि निळीला युरोपात ते नाव का पडलं, तर नीळ हिंदुस्थानातून जायची. म्हणजे आपल्या धुण्यातल्या निळीचं नाव आज आपल्या पडद्यात बसलंय.

चांदीसारखा पांढरा, नखानं ओरखडा निघेल इतका मऊ धातू. वाकवला तर बारीक किरकिर आवाज करतो. दीडशे अंशांच्या थोडं वर वितळतो. त्याचं आणि कथलाचं मिश्रण ऑक्सिजनबरोबर काचेवर बसवलं की एक अजब गोष्ट मिळते: ज्यातून वीजही जाते आणि आरपार दिसतंही, असा थर. एरवी वीज वाहणारे धातू अपारदर्शक असतात. हा थर नसता तर आपल्या हातातल्या मोबाइलला बोट लावून तो चालला नसता. पण तो थर किती पातळ? आपल्या केसाच्या जाडीच्या शेकडो पटींनी पातळ.

आता हिशेब करू. या वेळी नीट करू.

एका चपट्या टीव्हीच्या पडद्यात सरासरी पाव ग्रॅम इंडियम असतं. कॉम्प्युटरच्या मॉनिटरमध्ये त्याच्या तिसरा हिस्सा. लॅपटॉपमध्ये त्याहून निम्मं. बाजारभाव वरखाली होतो, पण किलोला पस्तीस हजार रुपये धरा. मग एका टीव्हीतल्या इंडियमची किंमत झाली नऊ रुपयांच्या आसपास. एक किलो इंडियम हवं असेल तर जवळजवळ चार हजार टीव्ही सोडवावे लागतील, आणि तेसुद्धा त्यातला कणन् कण हाती आला तर.

मग ते काढतात कसं? आधी पडद्यावरची प्लॅस्टिकची फिल्म उष्णता देऊन किंवा द्रावणानं सोडवायची. दोन काचांमधलं द्रवस्फटिकाचं रसायन धुऊन काढायचं. काच दळायची. गरम आम्लात ती पूड तासन्‌तास ढवळायची, म्हणजे इंडियम आम्लात उतरतं. त्या आम्लातून दुसऱ्या रसायनानं ते वेगळं ओढून घ्यायचं. मग त्यात जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमचे तुकडे टाकले की स्पंजासारखं इंडियम त्यांच्यावर जमतं. शेवटी विजेनं शुद्ध करायचं. हे बादलीतलं काम नाही. आणि इतकं करूनही जगात वापरून टाकलेल्या वस्तूंमधून परत मिळवलेलं इंडियम एक टक्क्याच्या आतच असल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०११ च्या अहवालात म्हटलं होतं. जे परत मिळवलं जातं ते बहुतेक पडदे बनवणाऱ्या कारखान्यांतल्या कापकुटीतून. इंडियम येतं कुठून, तर जस्ताच्या खनिजाचं उपउत्पादन म्हणून. जगभर मिळून वर्षाला हजार टनांच्या आसपास, आणि त्यातलं सगळ्यांत जास्त चीनमध्ये.

आता कुणी म्हणेल, मग मोठ्या कारखान्यात आपल्या मुलींना नोकऱ्या मिळू देत, तिथं तरी सुरक्षित असेल. जपानचं उदाहरण ऐका. इंडियमच्या या मिश्रणाच्या वड्या घासून गुळगुळीत करण्याचं काम करणारा एक तरुण कामगार २००१ साली फुप्फुसाच्या आजारानं गेला. तपासणीत त्याच्या फुप्फुसात इंडियमचे कण सापडले. डॉक्टरांनी ते २००३ साली छापलं, तेव्हा कुठं जगाला कळलं की ही धूळ माणसाची फुप्फुसं निकामी करते. तोवर तो पदार्थ निरुपद्रवी समजत होते. सांगायचं तात्पर्य, कारखाना म्हणजे आपोआप सुरक्षितता नव्हे. धूळ कुठं जाते, मोजतं कोण, आणि कामगाराला आकडा सांगतं कोण, हे तिथंही विचारावंच लागतं.

आता तेजाबाच्या बादलीबद्दल. आपल्याकडं सराफकट्ट्याच्या गटारातली माती धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. टाकाऊतून सोनं काढणं ही काही नवी विद्या नाही, आणि ती करणाऱ्यांना मी कमी लेखत नाही. पण बोर्डाचं काम वेगळं. दिल्लीत सीलमपूर, उत्तर प्रदेशात पितळेसाठी प्रसिद्ध असलेलं मुरादाबाद, इथं बोर्ड जाळून आणि तेजाबात बुडवून तांबं-सोनं काढण्याचं काम वर्षानुवर्षं चाललं. चीनमधलं गुईयू हे गाव तर २००२ साली जगभर गाजलं. श्रीमंत देशांचा कचरा तिथं येत होता आणि तिथल्या मुलांच्या रक्तात शिसं सापडलं. बादलीतून निघणारा तपकिरी धूर छाती जाळतो. उरलेलं आम्ल नाल्यात, नाल्यातून हापशाला. आणि एवढं करून बरंचसं सोनं त्या सांडपाण्यातच वाहून जातं. मोबाइलवरच्या त्या व्हिडिओत गोळी दिसली. गोळीआधी किती पोती बोर्ड लागले, ते त्यात दिसलं नाही. त्याची खोकणारी बायको तर नाहीच.

कामाची वाटणी कशी असते, हे मुद्दाम बघा. माल विकत घेणं, टेम्पो ठरवणं, व्यापाऱ्याशी भाव करणं पुरुषाकडं. बोर्ड शेगडीवर गरम करून चिमट्यानं भाग सोडवणं, वायर सोलणं, काच निवडणं, हे घरबसल्याचं काम बाईकडं, आणि तिच्या मांडीशी मूल. घरात होतं म्हणून ते काम धरलं जात नाही. काम धरलं जात नाही म्हणून त्या कामाचा आजारही धरला जात नाही. स्वयंपाकाच्याच शेगडीवर कथील वितळतं, आणि विचारलं तर घरातला माणूस सांगतो, "ती काही करत नाही, घरीच असते." जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली सांगितलं की कचऱ्याच्या असंघटित कामात जगभर १ कोटी २९ लाखांपर्यंत स्त्रिया असाव्यात, आणि त्यांना व त्यांच्या पोटातल्या बाळांना या विषांचा धोका आहे. कोट्यवधींमध्ये मोजल्या जाणाऱ्या बाया, आणि रेशनकार्डावर त्यांचा व्यवसाय 'घरकाम'!

कायदा काय म्हणतो? इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम २०११ साली आले आणि १ मे २०१२ पासून, म्हणजे नेमके कामगारदिनी, लागू झाले. मग २०१६ चे आले. सध्या चालू आहेत ते २०२२ चे, १ एप्रिल २०२३ पासूनचे. वस्तू बनवणाऱ्या कंपनीनं तिच्या कचऱ्याची जबाबदारी घ्यायची, हे त्यांचं तत्त्व. तत्त्व चांगलं आहे. पण ती जबाबदारी कशी पार पडते? नोंदणी झालेला पुनर्प्रक्रिया कारखाना धातू काढतो, त्याला प्रमाणपत्र मिळतं, आणि कंपनी ते विकत घेते. प्रमाणपत्रं मिळतात सोनं, तांबं, ॲल्युमिनियम आणि लोखंड यांच्यावर. माल दारोदार फिरून गोळा केला कुणी, त्याचं प्रमाणपत्र नाही. नोंदणी करायची ती उत्पादक, निर्माता, दुरुस्ती करणारा आणि पुनर्प्रक्रिया करणारा यांनी. पोतं उचलणारी या यादीत नाही.

तरीही त्याच नियमांत एक दार आहे, ते आपण ठोठावलेलं नाही. या कामातल्या कामगारांना ओळख देणं, त्यांची नोंदणी करणं, त्यांचे गट उभे करायला मदत करणं, त्यांना प्रशिक्षण देणं, त्यांच्या आरोग्याची आणि सुरक्षिततेची दर वर्षी देखरेख ठेवणं ही राज्याच्या कामगार खात्याची जबाबदारी म्हणून लिहिलेली आहे. औद्योगिक वसाहतींत यासाठी जागा राखून ठेवण्याचंही लिहिलं आहे. किती जणींना हे माहीत होतं? हात वर करा. बघा.

लिहिलेलं आपोआप मिळत नाही, हे आपल्याला नवीन नाही. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली उभी राहिली. त्याआधीही बाया वेचतच होत्या, पण त्या कामगार आहेत हे कुणी मानत नव्हतं. भांडून भांडून महापालिकेचं ओळखपत्र मिळालं, आणि पुढं 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. ओळखपत्रावर फोटो लागला म्हणून पोलिसाची भाषा बदलली, हे तिथल्या बायांनी मला स्वतः सांगितलंय.

आणि आत्ता घाई का, तेही सांगते. २०२३ साली केंद्र सरकारनं देशाला अत्यावश्यक अशा तीस खनिजांची यादी काढली. त्यात इंडियम आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये चीननं इंडियमच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन आणलं. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं टाकाऊ इलेक्ट्रॉनिक वस्तू आणि बॅटऱ्या यांतून अशी खनिजं काढण्यासाठी १,५०० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. म्हणजे आपण जी काळपट पाटी नाल्याकाठी टाकत होतो तिच्याकडं आता सरकारचं लक्ष आहे, कारखानदारांचं आहे. जगात २०२२ साली ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला आणि त्यातला शंभर किलोंमागं बावीसच किलो रीतसर गोळा झाल्याची नोंद आहे. उरलेल्यातला पुष्कळसा आपल्यासारख्यांच्याच हातून फिरतो. आपल्याशिवाय या कारखान्यांना माल मिळणार नाही. पण इतिहास असा आहे की ज्या कचऱ्याला भाव येतो तो बाईच्या हातून जातो. आज आपण गप्प राहिलो तर उद्या विषाचा वाटा आपल्याकडं राहील आणि धातूचा वाटा कुंपणाच्या आत जाईल.

मग करायचं काय? आमच्या गाळ्यात आम्ही काय केलं ते सांगते, आणि ते जमलं नाही तेही सांगते.

आम्ही ठरवलं: ट्यूब फोडायची नाही. पडद्याची काच फोडायची नाही. पाऱ्याच्या नळ्या असलेला भाग अख्खाच काढून ठेवायचा. स्क्रू खोलून जे सुटतं तेवढंच सोडवायचं: पत्रा, जर्मन, प्लॅस्टिक, वायर, अख्खे बोर्ड. बोर्ड तापवायचा नाही, वायर जाळायची नाही, तेजाब गाळ्यात आणायचं नाही. काम घरात नाही, गाळ्यातच. कामाचा गाऊन घरी न्यायचा नाही. जेवायच्या आधी हात साबणानं. झाडू कोरडा मारायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं. दिवस गेलेल्या बाईला निवडणीऐवजी काट्यावर आणि वहीवर बसवायचं, मजुरी तीच. आणि बोर्ड, पडदे साठवून टेम्पोभर झाले की नोंदणी असलेल्या कारखान्यालाच द्यायचे, पावती घ्यायची.

पहिल्याच महिन्यात कमाई घटली. साठवायला जागा लागते, पैसा अडकतो, आणि आपल्या घरी तर संध्याकाळी पीठ आणायचं असतं. एकजण उभी राहून म्हणाली, "बाई, फोडलं न्हाई तर खायाचं काय? तुमी पगारी हाय." तिचं खरं होतं. चौघी सोडून गेल्या, त्यातल्या दोघी आजही घरात काम करतात. उरलेल्यांनी बचत गटातून उचल घेऊन माल पुरा होईपर्यंतचे दिवस काढले. आता कारखाना अख्ख्या बोर्डाला फोडलेल्यापेक्षा बरा भाव देतो, कारण फोडताना जे वाया जायचं ते त्याला मिळतं. पण पडद्यांना मात्र आजही नीट भाव नाही. नऊ रुपयांच्या इंडियमसाठी कोणी धावत येत नाही. पडदे तसेच छपराला लागलेत. हा प्रश्न आमचा सुटलेला नाही. एका गाळ्याला तो सुटणारही नाही. म्हणून तर इथं आले.

मी पाच मागण्या मांडते. चर्चेत तुम्ही त्या सुधारा. एक, कामगार खात्यानं आपली नोंदणी सुरू करावी आणि त्यात घरात काम करणाऱ्या बाईचं नाव तिच्या स्वतःच्या नावानं यावं, नवऱ्याच्या खाली नव्हे. दोन, पालिकेनं प्रत्येक विभागात हवेशीर गाळा, पाणी आणि पाळणाघर द्यावं. तीन, आपली आणि मुलांची रक्ततपासणी, शिशासाठी, सरकारी दवाखान्यात फुकट व्हावी, आणि कागद आपल्या हातात मिळावा. चार, कंपन्या प्रमाणपत्रांसाठी पैसे मोजतातच, त्यातला ठरलेला वाटा गोळा करणारीला मिळावा. जिथं धातूला भाव नाही पण विष आहे, म्हणजे शिशाची काच, पाऱ्याच्या नळ्या, पडदे, तिथं ते न फोडता आणून देण्याची मजुरी मिळावी. पाच, १,५०० कोटींच्या योजनेतून कारखाने उभे राहतील तेव्हा माल गोळा करण्याचं काम बायांच्या सहकारी संस्थांना मिळावं.

चौथी मागणी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. आजवर आपल्याला पैसे मिळाले ते वस्तू फोडण्याचे. न फोडण्याचे पैसे कुणी दिले नाहीत. पण न फोडलेली प्रत्येक ट्यूब म्हणजे नाल्यात न गेलेलं किलोभर शिसं. ती सेवा आहे. तिची मजुरी मागायला लाजू नका.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडं. बाळ, सोनं आपण का नाही काढायचं, असं तू विचारलंस. पडद्यात सोनं जवळजवळ नाही. इंडियम आहे, पण ते बादलीत निघत नाही. हे झालं रसायनशास्त्राचं उत्तर. पण तुझ्या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न होता: ही विद्या आपल्याकडं का नाही? त्याचं उत्तर रसायनशास्त्रात नाही. तू आयटीआयला जा, पुढं शीक. या धातूंच्या प्रयोगशाळेत तू मोजायला बस. हवेत धूळ किती, रक्तात शिसं किती, हे आकडे तुझ्या हातून लिहिले जाऊ देत. तोपर्यंत तेजाबाला हात लावू नकोस.

आणि गणित मांडशील तेव्हा, मी विसरले होते ते तू विसरू नकोस. फळ्यावर आधी तुझ्या आईला लिही, मग तांबं.

चहा आलाय. चहानंतर गटांत बसू. प्रत्येक गटानं आपापल्या वस्तीत पडद्यांचं काम कोण करतं, कुठं करतं, किती जणी घरात करतात, याची यादी करायची आहे. यादीत नावं बायांची हवीत.